अवकाशात खुंटी नसते

या जगात स्वस्थ बसलेली एकही वस्तू नाही, हे सत्य कुणाला साधुसंतांकडून कळतं, कुणाला संसारातून. मला ते माझ्या साडूंकडून कळलं. आपण ज्याला टेबल म्हणतो ते टेबल नसून थरथरण्यासाठी निमित्त शोधत उभा असलेला एक पदार्थ आहे, आणि आपण त्यावर कोपर टेकलं की त्याला ते निमित्त मिळतं, असं त्यांचं ठाम मत आहे. हे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बेळगावच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक. त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवला की ते आधी कपात डोकावतात. चहा किती आहे, साय आली आहे का, हे बघायला नव्हे. चहावर उठणारी बारीक वर्तुळं बघायला. बाहेरून उसाचा ट्रॅक्टर गेला किंवा स्वयंपाकघरात मिक्सर लागला की त्या वर्तुळांची तऱ्हा बदलते आणि साडूंचा चेहरा खुलतो. तोवर चहा गार होतो. आक्का, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, लग्न झाल्यापासून तो चहा दोनदा गरम करतात आणि तिसऱ्या वेळी स्वतः पिऊन टाकतात.

त्यांचं घर हिंडलग्याला. मी वकील असल्यामुळे माझे साडू हिंडलग्याला असतात असं सांगितलं की समोरचा सहानुभूतीनं कुठलं कलम लागलं ते विचारतो. तुरुंगात नाहीत, तुरुंगाच्या अलीकडं बंगला आहे, हे मी आता पुढच्या वाक्यात घाईनं सांगून टाकतो. खरं सांगायचं तर त्या बंगल्यात पाहुणा म्हणून दुपारभर बसणं ही साधी कैद नसून सक्तमजुरीच आहे. मे महिन्यातसुद्धा तिथं दिवाणखान्यातला पंखा लावायला बंदी असते, कारण छताच्या हुकाला लांबलचक दोऱ्या बांधून साडूंनी एक पातळ पट्टी आडवी टांगलेली असते. ती पट्टी म्हणजे उपग्रहाचा पंख. पंख्याचं वारं लागलं तर पंख हलेल. आपण मोठ्यानं हसलो तरी हलेल. मी एकदा शिंकलो होतो, त्यानंतर मला ओसरीत बसवून खरबूज देण्यात आलं. नाही म्हणायला ओसरीत वारं होतं.

ते नेमकं काय करतात हे मला समजायला बरीच वर्षं लागली, आणि समजलं ते लोंढ्याच्या फलाटावर. आम्ही दोन्ही कुटुंबं गोव्याला निघालो होतो आणि गाडी उशिरा येणार होती. साडूंच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं. सुतार वापरतात ती पोलादी टेप असते. ती त्यांनी काढली आणि हळूहळू पुढं सरकवायला सुरुवात केली. उपग्रह वर जातो तो अंगाची घडी घालून जातो, ते सांगू लागले. रॉकेटच्या टोपीत जागा किती असणार. वर पोचल्यावर तो आपले हातपाय पसरतो, ऊन खाणारे लांब पंख, त्याहून लांब दांडे, आणि हे सगळं इतकं पातळ आणि हलकं की जमिनीवर उभं केलं तर स्वतःच्याच वजनानं वाकून मोडेल. वर वजन नाही म्हणून चालतं. पण वर हवासुद्धा नाही. इथं दोरी छेडली तर हवा तिची थरथर खाऊन टाकते, तिथं खायला कुणी नाही. उपग्रह सावलीतून उन्हात आला, दांड्याची एक बाजू तापली, तेवढं निमित्त पुरतं. मग तो थरथरत राहतो, आणि खालचे फोटो काढायचे ते सगळे हललेले येतात. तो किती थरथरेल, कसा थरथरेल आणि कधी थांबेल हे तो वर जायच्या आधीच कॉम्प्युटरवर मांडून दाखवायचं, हा साडूंचा उद्योग. दांड्याचे मनातल्या मनात बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला त्याचं वजन आणि ताठपणा द्यायचा, आणि सगळे एकमेकांना कसे ओढतात ते गणितानं काढायचं. एवढं सांगेपर्यंत टेप फलाटावर खूप लांब गेली होती. लोक कौतुकानं बघत होते. तेवढ्यात ती मधोमध मोडल्यासारखी वाकली आणि तिचं टोक शेजारच्या बाकावरच्या एका गृहस्थांच्या पुरीभाजीत जाऊन बसलं. साडूंनी त्यांची माफी मागितली, पण टेप कुठल्या लांबीला वाकली ते आधी वाचून घेतलं.

त्यांची दोन वाक्यं आमच्या दोन्ही घरांत घरचीच झाली आहेत. पहिलं म्हणजे, "अवकाशात खुंटी नसते." याचा अर्थ असा, की आपण दोरी बांधतो ती खुंटीला, आणि खुंटी हलत नाही असं धरून चालतो. वर मात्र धरायला काहीच पक्कं नाही. पंख हलला की उपग्रहाचं धड हलतं, धड हललं की पुन्हा पंख हलतो, आणि कुणी कुणाला हलवलं हे कोर्टातसुद्धा सिद्ध करता येत नाही. त्यांचे विद्यार्थी हे विसरतात, धड पक्कं धरून गणित करतात, आणि साडू त्यांचे गुण कापतात. आक्कांचं म्हणणं असं की एकत्र कुटुंबात सून म्हणून राहिलेल्या बाईला हे कळायला कॉम्प्युटर लागत नाही. दुसरं वाक्य, "हात लावू नका, विरू दे." टांगलेली पट्टी हलू लागली की आपला हात आपोआप ती थांबवायला पुढं होतो. साडू म्हणतात, नेमकं तेच चुकतं. घाबरलेला हात नेहमी थोडा उशिरा पोचतो, तोवर पट्टी परत फिरलेली असते, आणि आपण थांबवायच्या ऐवजी तिला आणखी ढकलतो. हे पट्टीपुरतं ठीक होतं. पण साडूंनी ते वाक्य सगळ्या जीवनाला लावलं. कुकरची तिसरी शिट्टी, शेजाऱ्यांचं भांडण, आक्कांचा राग, नळाची गळती, सगळ्याला एकच उपाय. गळणारा नळ काही विरला नाही. शेवटी मीच प्लंबर पाठवला.

आक्कांना बघायला आले तेव्हाची गोष्ट तर माझी बायको अजून रंगवून सांगते. आक्का पोह्यांचा आणि चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. त्या घाबरलेल्या, त्यामुळे कपबश्या किणकिणत होत्या. साडूंनी मुलीकडं बघितलंच नाही, ते डाव्या बाजूच्या कपाकडं बघत राहिले आणि सगळे शांत बसलेले असताना म्हणाले की ट्रे कडेला न धरता मधे धरला तर आवाज बंद होईल. सासऱ्यांना वाटलं, मुलगा शिष्ट आहे. आक्कांनी ट्रे मधे धरला, आवाज बंद झाला, आणि त्यांनी आत जाऊन आईला सांगितलं की हाच पाहिजे. "मला नाव विचारलं न्हाय, गाणं म्हण म्हटलं न्हाय. माझं थरथरणं बघितलं आणि ते कमी कसं करायचं ते सांगितलं. आणि काय पायजे माणसाला," असं आक्का म्हणतात. मी हे ऐकून बायकोकडं बघतो. तिला बघायला गेलो तेव्हा मी पोहे दुसऱ्यांदा मागितले होते, एवढंच तिच्या लक्षात आहे.

माझ्या लग्नात पंगतीला मांडे होते. बेळगावच्या लग्नात मांडे हवेतच, आणि मांडा हातावर घेऊन तो पातळ, आणखी पातळ करत जाणारी बाई बघायला पाहुणे उभे राहतात हेही नवीन नाही. पण साडू तिच्यासमोर उभे राहिले ते पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत. एवढा मोठा आणि एवढा पातळ पडदा न फाटता उलगडतो कसा, हा त्यांचा प्रश्न, कारण वरती असेच पडदे उलगडावे लागतात. जेवायला बसल्यावर त्यांनी आपल्या वाटचा मांडा दोन बोटांत धरून उभा केला, त्यावर हळूच फुंकर घातली आणि तो कुठून कसा हलतो ते बघितलं. समोर माझी मावशी बसली होती. तिच्या ताटात पिठीसाखर उडाली. मावशीनं अजूनही त्यांना माफ केलेलं नाही. बसमध्ये तर त्यांना घेऊन बसूच नये. निपाणीच्या बसमध्ये एकदा खिडकीच्या काचा खडखडायला लागल्यावर ते उठून ड्रायव्हरपाशी गेले आणि अस्खलित कन्नडमध्ये त्याला सांगू लागले की बस थोडी जोरात घे किंवा थोडी हळू घे, याच वेगाला काचा बोलतात. ड्रायव्हरनं बस थांबवली. संकेश्वरच्या अलीकडं, भर उन्हात, आम्हाला उतरावं लागलं. पुढच्या बसची वाट बघताना साडू मला म्हणाले, "बघा वकील, थांबल्यावर काचा बंद झाल्या."

असा हा माणूस सासनकाठी उचलणार हे ज्या दिवशी ठरलं, त्या दिवशी मी तिथं होतो, आणि माझ्याही हातातला चहा हलला.

निपाणीजवळ साडूंचं गाव आहे. गावच्या जोतिबाच्या काठीचा मान त्यांच्या घराकडं. ज्यांनी काठी बघितलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. घराच्या कौलांच्याही वर जाईल असा उंच वेळू, त्याला रंगीत फडकी गुंडाळलेली, शेंड्याला तुरा. एकट्या माणसानं कमरेला जाड पट्टा बांधून त्यात बुंधा टेकवायचा आणि ती उभी काठी हलगीच्या ठेक्यावर नाचवत देवळापर्यंत न्यायची. वरून चार दोर सुटलेले असतात, ते चार बाजूंनी चौघांनी धरायचे. पाडव्याला काठी उभी राहते. वाटेत ती आडवी झाली तर त्या घराचा मान जातो आणि पुढच्या वर्षी काठी भावकीतल्या दुसऱ्या घरात जाते, अशी त्या गावची रीत आहे. वर्षभर ती साडूंच्या थोरल्या भावाच्या, अण्णांच्या सोप्यात भिंतीवरच्या खुंट्यांवर आडवी निजलेली असते आणि तिच्याखाली अण्णांची खाट असते. अण्णांनी ही काठी तरुणपणापासून उचलली. त्यांनी शेती बघितली, म्हणून धाकटा भाऊ शिकला. काठी नाचवताना अण्णांचं फक्त पाऊल हलायचं, तोंडावरची रेषा हलायची नाही, असं गाव सांगतं.

दोन वर्षांपूर्वी अण्णांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट. साडूंनी त्यांना बेळगावात डॉक्टरकडं नेलं. कंपवात निघाला. गोळ्या सुरू झाल्या, हात काही पूर्वीसारखा झाला नाही. गेल्या वर्षी अण्णांनी कशीबशी काठी नेली, आणि ती कशी नेली हे त्यांनाच माहीत. या वर्षी पाडव्याच्या महिनाभर आधी आम्ही गावी गेलो होतो. अण्णांच्या हातातला कप बशीवर वाजत होता आणि आम्ही सगळे दुसरीकडं बघत होतो. साडू भिंतीवरच्या काठीकडं बघत होते. अण्णांनी कप खाली ठेवला.

"कप ठरंना झालाय, काठी काय ठरणार," ते म्हणाले. "यंदा भावकीला सांगून टाकतो. कुणी बी नेऊ दे. घराण्यातच ऱ्हातीया न्हवं."

असं म्हणताना त्यांनी खाटेच्या वरच्या खुंट्यांकडं बघितलं. त्या खुंट्या रिकाम्या झाल्यावर तिथं काय दिसेल याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता. मला फार वाईट वाटलं.

"मी घेतो," साडू म्हणाले.

अण्णा म्हणाले, "तू? आरं धाकट्या, तुला सायकल जमली न्हाय कधी."

"सायकलला मी लक्ष दिलं न्हवतं," साडू म्हणाले.

त्यानंतरचा महिना आक्कांनी कसा काढला हे त्याच जाणोत. साडूंनी सगळ्यात आधी काय केलं असेल तर काठीचं मॉडेल. उद्यमबागेत त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचं वर्कशॉप आहे. तिथं तेवढ्याच उंचीचा वेळू आणवला, त्याला फडकी गुंडाळली, तुरा लावला, बुंधा मोठ्या शिकंज्यात गच्च आवळला आणि वेळूला जागोजागी नखाएवढे सेन्सर चिकटवले. मग रबरी हातोडीनं त्याला हळूच टोले द्यायचे आणि तो कसा थरथरतो ते कॉम्प्युटरवर उतरवायचं. कामगार जेवणाच्या सुट्टीत डबे घेऊन बघायला यायचे. पडद्यावर काठी आळोखेपिळोखे द्यायची. साडूंनी मला बोलावून दाखवलं. निष्कर्ष असा निघाला की हलगीचा ठेका आणि काठीची स्वतःची डुलण्याची लय जवळजवळ एकच आहे. पाळण्याला नेमक्या वेळी झोका दिला की तो कसा चढत जातो, तसं ठेक्यावर पाऊल टाकलं की डोल वाढत जाणार. म्हणजे अण्णा इतकी वर्षं ठेक्यावर नाचत होते ते कसं, हा प्रश्न मी विचारला. साडू म्हणाले की तो वेगळा संशोधनाचा विषय आहे.

मग ते मला घेऊन हलगीवाल्याकडं गेले. ठेका थोडा संथ कर, अशी विनंती. हलगीवाला गावातला जुना, मानाचा माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं, हलगी शेकली आणि सरांनी सांगितलं तसं वाजवून दाखवलं. आम्ही तिघंही गंभीर झालो. "सर, ह्यावर लोक नाचायचे न्हाईत," तो नम्रपणे म्हणाला. "खांदा द्यायला येतील." ठेका बदलायचा बेत तिथंच मिटला. दुसरा उपाय असा, की हलगी वाजू दे तशी वाजू दे, आपण पाऊल ठेक्याबाहेर टाकायचं. आयुष्यभर मराठी माणूस हलगी ऐकली की ठेक्यात पाऊल टाकतो, आणि साडू रोज संध्याकाळी हिंडलग्याच्या अंगणात फोनवर हलगी लावून ठेका चुकवायचा सराव करत होते. कमरेला पट्टा, आणि पट्ट्यात काठी म्हणून जाळी काढायचा लांब झाडू. शेजाऱ्यांनी आक्कांना हळूच विचारलं, सरांना रजा मिळाली का. आक्का म्हणाल्या, "विरू दे."

माझी नेमणूक दोरावर झाली. चौघांपैकी एक माणूस आजारी पडला होता, आणि वजनदार माणूस पाहिजे म्हणून साडूंनी माझं नाव सुचवलं. कोर्टात मला कुणी वजनदार म्हणत नाही, त्यामुळे मी लगेच होकार दिला.

पाडव्याच्या सकाळी गुलाल उधळला, चांगभलंचा गजर झाला आणि अण्णांच्या दारातून काठी निघाली. अण्णांना पुढं देवळाजवळच्या कट्ट्यावर नेऊन बसवलं होतं. साडूंनी फेटा बांधला होता, चष्म्याला दोरी बांधली होती, आणि ठेका चुकवत ते इतके मन लावून चालले होते की बघणारा प्रत्येकजण आपलंच पाऊल चुकवत होता. पहिली गल्ली छान पार पडली. भावकीतले लोकसुद्धा मान डोलवायला लागले. मी दोर धरून चालताना स्वतःवर खूश होतो. चावडीपासून वळलो, देऊळ दिसायला लागलं, आणि तुरा एका बाजूला कलला. परत फिरला आणि दुसऱ्या बाजूला त्याहून जास्त कलला.

घाबरून मी दोर ओढला. समोरच्यानं त्याचा ओढला. काठी तोवर परत फिरली होती, आमच्या ओढीनं ती आणखी जोरात आली. बायका बाजूला झाल्या. भावकीतले दोघे काठी धरायला पुढं सरसावले, आणि त्यांनी हात घातला असता तर मान तिथंच संपला असता. समोर कट्ट्यावर अण्णा उठून उभे राहिले होते. साडूंच्या चेहऱ्यावर मात्र भीती नव्हती. परीक्षेचा पेपर लिहून वर्गाबाहेर आलेल्या माणसाला अचानक गणितातली चूक आठवावी, तसे ते दिसत होते.

"वकील," ते मला म्हणाले, "मी शिकंज्यात धरून गणित केलं. शिकंजा हलत न्हाय. मी हलतोय."

मला क्षणभर काहीच कळलं नाही, आणि मग सगळं कळलं. काठी डुलली की कमरेतून साडू डुलत होते, साडू डुलले की काठी आणखी डुलत होती. ज्यासाठी हा माणूस पोरांचे गुण कापत आला, तेच तो स्वतःच्या घरच्या काठीत विसरला होता. त्यानं स्वतःलाच खुंटी धरलं होतं.

मग त्यांनी आवाज चढवला. मी त्यांना इतक्या वर्षांत मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं. "हलगी थांबवा. दोर सैल सोडा. कुणी हात लावू नका. विरू दे."

हलगी थांबली. दोर सैल सोडायचा म्हणजे काय हे तुम्हाला सांगून कळणार नाही. वर एवढी उंच काठी कललेली, सगळं गाव बघतंय, आणि हातातला एकमेव आधार सोडायचा. माझे हात सोडेनात. पण साडूंनी माझ्याकडं बघितलं आणि मी सोडला. बाकीच्यांनीही सोडला. भावकीतले दोघे जागच्या जागी थांबले. साडूंनी गुडघे जरासे वाकवले, चष्म्याआडचे डोळे मिटले आणि ते नुसते उभे राहिले. काठी एकीकडं गेली. दुसरीकडं गेली. मग जरा कमी. मग आणखी कमी. शेवटी तुरा आभाळात नीट उभा राहिला, आणि कुणीतरी हळूच म्हणालं, चांगभलं.

तिथून देवळापर्यंत साडू नाचले नाहीत. सावकाश चालत गेले. हलगीवाल्यानं कुणाला विचारलं ना सवरलं आणि ठेका आपणहून जरा उतरवला. खांदा द्यायला कुणी आलं नाही, उलट लोक त्या संथ ठेक्यावरही डुलत होते. देवळासमोर काठी उभी राहिली, तेव्हा रिवाजाप्रमाणे घरातल्या थोरल्यानं तिला आधी हात लावून नमस्कार करायचा होता. अण्णा आले. त्यांनी काठी बघितली, भावाला बघितलं. "नाचली न्हाय काठी," ते म्हणाले. "पर आली."

आणि त्यांनी उजवा हात वेळूवर ठेवला. तो हात थरथरत होता. मी दोर धरून सहज वर बघितलं. वारा अजिबात नव्हता, देवळावरचा झेंडासुद्धा खाली पडून होता. पण काठीचा तुरा बारीक बारीक थरथरत होता. अण्णांच्या बोटांतली थरथर वेळूतून वर, पार शेंड्यापर्यंत गेली होती. काठी साडूंच्या कमरेला होती. तिच्यात काय चाललंय ते त्यांना माझ्याहून आधी कळलं असणार. त्यांनी मान खाली घातली. अण्णांच्याही लक्षात आलं. त्यांनी ओशाळून हात मागं घ्यायला सुरुवात केली. साडूंनी आपला एक हात काठीवरून काढला आणि अण्णांच्या हातावर ठेवला.

"ऱ्हाऊ दे अण्णा," ते म्हणाले.

तसे ते दोघे बराच वेळ उभे राहिले, आणि वर तुरा थरथरत राहिला. मला रडू आलं. गुलाल डोळ्यांत गेला असं मी बायकोला सांगितलं.

काठी पुन्हा अण्णांच्या सोप्यात खुंट्यांवर गेली. संध्याकाळी बेळगावला परतताना गाडीत साडू माझ्या शेजारी बसले होते. खिडकीची काच खडखडत होती, त्यांनी तिच्याकडं लक्ष दिलं नाही. राहवेना म्हणून मी विचारलं, शेंड्याची ती थरथर किती होती. त्यांना नुसत्या नजरेनं आकडा सांगता येतो, हे मला माहीत आहे.

"मोजली न्हाय," ते म्हणाले.

आता सगळं पूर्ववत झालं आहे. हिंडलग्याच्या दिवाणखान्यात पट्टी टांगलेली आहे, पंखा बंद आहे, आणि साडूंनी मॉडेलमध्ये आता काठी धरणारा माणूसही घातला आहे. तो माझ्या अंगयष्टीवरून घेतला आहे असं कळल्यापासून मी त्यांच्याशी बोलणं जरा कमी केलं आहे. माझ्या घरी आले तरी ते कपात डोकावतात आणि चहा गार करतात. गावी गेले की अण्णा हट्टानं स्वतः चहा आणून देतात. कप बशीवर वाजत येतो, थोडा चहा सांडतो. साडू तो दोन्ही हातांनी घेतात, आणि कपात न बघता, गरम गरम, एका दमात पिऊन टाकतात.